मायनर एक, राग चार: आपल्या गाण्यांत कॉर्ड आले कुठून?

(या भागाची ही लेखी आवृत्ती. ऑडिओत जिथे गिटार वाजवली आहे तिथे फ्रेटचे आकडे दिलेत. आकडे जाड तारेपासून बारीक तारेकडे वाचायचे. × म्हणजे ती तार वाजवायची नाही.)

मांजरीहून, रात्री साडेअकराला, पंखा बंद करून रेकॉर्ड करतोय. मध्येच दौंडच्या दिशेने जाणारी गाडी हॉर्न देऊन गेली तर समजून घ्या, रेल्वे लाइन जवळच आहे.

गेल्या काही आठवड्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "दादा, मायनर गाण्याला जरा भारी कॉर्ड कसे लावायचे? ए मायनर, एफ, जी, ई मायनर वाजवून कंटाळा आला." प्रश्न गिटारचा आहे, पण उत्तर शोधायला गेलं की थेट इतिहासात शिरावं लागतं. आपल्याकडच्या चालींना कॉर्ड लावायचं काम काही माणसांनी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी करून ठेवलंय. तेही कागद-पेन्सिल घेऊन, रेकॉर्डिंगच्या दिवशी, घड्याळाकडे बघत. त्यातल्या बऱ्याच जणांची नावं रेकॉर्डच्या लेबलवर कधी छापलीच गेली नाहीत. आज त्यांची गोष्ट सांगतो, आणि त्यांनी सोडवलेलं गणित आपल्या गिटारवर करून बघू.

आधी अडचण काय आहे ती बघू. 'इंद्रायणी काठी' सगळ्यांना माहीत आहे. १९५३ चा 'गुळाचा गणपती', शब्द गदिमांचे, संगीत पु. ल. देशपांड्यांचं, आवाज पंडित भीमसेन जोशींचा. राग भीमपलास. आता अशा चालीला ए मायनर घरात बसून कॉर्ड शोधायला लागलात की हात सवयीने एफ मेजरवर जातो, कारण 'ए मायनरच्या घरातले कॉर्ड' म्हणून आपण तेच पाठ केलेलं असतं. कॉर्ड शोधणारी अ‍ॅप्ससुद्धा कित्येकदा तेच सुचवतात. एफ मेजरमध्ये तीन स्वर: एफ, ए, सी. ए हा सा धरला तर एफ म्हणजे कोमल धैवत. भीमपलासात कोमल धैवत नाहीच! धैवत शुद्ध आहे. म्हणजे गायक एका रागात आणि गिटार दुसऱ्याच रागात. ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण गाणं 'फिल्मी' वाटायला लागतं.

दोन स्वर, चार मायनर

मी बीटेकवाला माणूस, त्यामुळे मला हे असं समजलं. मायनर म्हणजे काय, तर गंधार कोमल. सा, रे, कोमल ग, म, प हे पाच ठरले. उरले धैवत आणि निषाद. प्रत्येकाचे दोन पर्याय, कोमल किंवा शुद्ध. दोन बिट, चार शक्यता.

धैवत कोमल, निषाद कोमल: आसावरी थाटाचे स्वर. वेस्टर्नवाले याला नॅचरल मायनर म्हणतात.

धैवत शुद्ध, निषाद कोमल: काफी थाटाचे स्वर. तिकडे नाव डोरियन. भीमपलास याच घरातला.

धैवत कोमल, निषाद शुद्ध: कीरवाणी. तिकडे हार्मोनिक मायनर.

धैवत शुद्ध, निषाद शुद्ध: पटदीपाचे स्वर. तिकडे मेलोडिक मायनर, चढतानाचा. 'मर्मबंधातली ठेव ही' हे 'संन्यस्त खड्ग' नाटकातलं दीनानाथ मंगेशकरांचं पद आठवा, तो पटदीप.

यातल्या आसावरीच्या स्वरांत रिषभही कोमल केला की भैरवी. तिच्याकडे शेवटी येऊ.

खरी गंमत पुढे आहे. युरोपच्या संगीतात हे सगळे मिळून 'एकच' मायनर असतो. सहावा आणि सातवा स्वर गरजेप्रमाणे बदलतो. चढताना एक, उतरताना दुसरा, कॉर्ड पूर्ण करायला तिसरा. तिकडे हे म्हणजे त्याच गावात गल्ली बदलणं. आपल्याकडे धैवत बदलला की गावच बदलतं. राग वेगळा, त्याची वेळ वेगळी, त्याचा मूड वेगळा.

हे कानाने ऐकायचं असेल तर गिटारवर हा आकार धरा: ×-०-७-५-५-५. साधा ए मायनर. आता फक्त डी तारेवरचं बोट एकेक फ्रेट खाली आणा: ७, ६, ५, ४, ३. बाकी काही हलवू नका. (ऑडिओत इथे वाजवून दाखवलंय.) जॅझमध्ये ही चाल फार लाडकी. १९३७ च्या 'माय फनी व्हॅलेंटाइन'मध्ये याच जातीची उतरती ओळ आहे, आणि १९७१ च्या 'स्टेअरवे टू हेवन'च्या सुरुवातीलाही. पण आपल्या कानाने ऐका. ते बोट सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध असं उतरतंय. अमेरिकन गिटारिस्टला एकाच कॉर्डचे पाच रंग ऐकू आले. एखाद्या जुन्या जाणत्या गवयाला मात्र पाच सेकंदांत चार रागांच्या दारावरून जाऊन आल्यासारखं वाटेल.

तर 'मायनरला भारी कॉर्ड' लावताना आपल्याकडे पहिला प्रश्न हा: कोणता मायनर?

भातखंड्यांच्या दहा कप्प्यांत न बसलेला राग

वरची विभागणी मी दोन मिनिटांत सांगू शकलो, कारण एका मराठी वकिलाने त्यासाठी आयुष्य खर्च केलं. विष्णू नारायण भातखंडे, जन्म १८६०, वाळकेश्वर. देशभर फिरून, उस्तादांकडून बंदिशी मिळवून, जुने ग्रंथ वाचून त्यांनी हिंदुस्थानी राग दहा थाटांत मांडले. त्यांचा 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा मोठा ग्रंथ मराठीत आहे, आणि गुरू-शिष्याच्या संवादासारखा लिहिलेला आहे. आजच्या भाषेत, त्यांनी पॉडकास्टच लिहून काढला होता म्हणा.

या दहा थाटांपैकी कोमल गंधाराचे चार: काफी, आसावरी, भैरवी, तोडी. यादी परत बघा. कीरवाणी नाही! म्हणजे पाश्चात्त्य हार्मनीच्या पुस्तकात जो मायनर सगळ्यात जास्त वापरला जातो, त्याला आपल्या दहा कप्प्यांत जागाच नव्हती. कारण सरळ आहे. कीरवाणी कर्नाटक पद्धतीतला, तिथल्या बहात्तर मेळांपैकी एकविसावा. उत्तरेकडे तो रुळला विसाव्या शतकात, मुख्यतः सतार-सरोदवाल्यांमुळे.

आणि हिंदी सिनेमाने तर तो उचलूनच धरला. 'दिल एक मंदिर' (१९६३) मधलं शंकर-जयकिशनचं 'याद न जाए' घ्या, किंवा ओ. पी. नय्यरचं 'मेरे सनम' (१९६५) मधलं 'पुकारता चला हूँ मैं' घ्या. दोन्ही कीरवाणीच्या स्वरांत. हा राग स्टुडिओला एवढा का आवडला? माझा अंदाज असा: या मायनरला कॉर्ड लावताना बाहेरचा एकही स्वर आणावा लागत नाही. घरी परतवणारा जो ई सेव्हन कॉर्ड असतो, त्यातला जी शार्प म्हणजे शुद्ध निषाद, आणि तो रागातच आहे. गायक आणि ऑर्केस्ट्रा दोघंही आपापल्या जागी खूश.

"आपल्या संगीताला हे चालत नाही"

पण कॉर्ड वाजवण्याआधी त्या काळात एक मोठा आक्षेप होता, आणि तो येडपट नव्हता. आक्षेप असा की पट्टीचे ठरलेले स्वर आणि आपली श्रुती जुळत नाहीत.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. ई. क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशासोबत त्यांनी श्रुतींचं हार्मोनियम बनवून घेतलं. १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद झाली, तिथे या श्रुतींवरून चांगलाच वाद रंगला. पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली, आणि ती तीन दशकं राहिली.

गिटारच्या फ्रेटलाही हाच आक्षेप लागू होतो. आकड्यात सांगतो. गिटारवर कोमल गंधार सा पासून बरोबर ३०० सेंटवर. ६:५ या नैसर्गिक गुणोत्तराचा कोमल गंधार ३१६ सेंटवर. सोळा सेंटचा फरक. एकटा स्वर वाजवला तर बहुतेकांना कळणार नाही. पण गायक लांब गंधार लावतोय आणि गिटार तोच गंधार शेजारी धरून बसली आहे, तर दोन स्वर एकमेकांना घासतात. आणि गंधार दरबारीसारखा आंदोलित असेल, डुलत असेल, तर फ्रेटवरचा गंधार खिळ्यासारखा टोचतो.

म्हणून आपल्या सिनेमात गिटारने प्रवेश केला तो कॉर्ड घेऊन नाही. ती आली आडवी. पुण्यात प्रभात स्टुडिओत, म्हणजे आज जिथे एफटीआयआय आहे तिथे, १९३० च्या दशकात केशवराव भोळ्यांनी पियानो आणि व्हायोलिनच्या जोडीला हवाइयन गिटार वापरली. हवाइयन गिटार मांडीवर आडवी ठेवतात आणि तारेवरून लोखंडी पट्टी सरकवतात. फ्रेटचा अडसर नाही, मींड घेता येते. म्हणजे गिटार इथे आधी गायिली, साथीला नंतर बसली.

हार्मनी बसते की नाही हा प्रश्न फक्त संगीतवाल्यांपुरता होता असं समजू नका. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीत ठरवताना तो थेट दिल्लीत पोचला. १९४८ मध्ये पंडित नेहरूंनी संविधान सभेत 'जन गण मन'च्या बाजूने बोलताना ऑर्केस्ट्रावर आणि लष्करी बँडवर ते वाजवता येणं हा मुद्दा ठळकपणे मांडला होता. दुसऱ्या बाजूला आळंदीत जन्मलेले, पुण्याचे मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर. त्यांनी 'वंदे मातरम्' झिंझोटी रागात बांधलं, बँडवर वाजेल अशी रचना तयार करवून घेतली आणि ती दिल्लीत नेऊन ऐकवली. झिंझोटी काही मायनर नाही, त्यामुळे आपल्या विषयाच्या जरा बाहेरचं उदाहरण आहे. पण बघा, रागातल्या चालीला हार्मनी लावता येते की नाही, यावर त्या काळी केवढं अवलंबून होतं. २४ जानेवारी १९५० ला 'जन गण मन' राष्ट्रगीत ठरलं, आणि 'वंदे मातरम्'ला बरोबरीचा मान दिला गेला.

गोव्याची शाळा, मुंबईचा स्टुडिओ

आता या वादात शांतपणे काम करत असलेल्या माणसांकडे येऊ. ती माणसं आली गोव्याहून.

पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या जोडीने गावोगाव पारोकियल शाळा होत्या. तिथला मेस्त्री मुलांना स्टाफ नोटेशन वाचायला शिकवायचा, गळ्यावर सोल्फा चढवायचा, हातात व्हायोलिन द्यायचा. शेतकऱ्याचं पोरगंसुद्धा कागदावरून सूर वाचू शकायचं. घरी कोकणी मांडो. बरेच मांडो मायनर सुरात, आणि गाताना दुसरा आवाज तिसऱ्या किंवा सहाव्या स्वराच्या अंतराने सोबत चालतो. म्हणजे मायनर चालीला दुसरा सूर जोडणं ही त्या पोरांसाठी थिअरी नव्हती. लग्नात ऐकलेली गोष्ट होती.

ही मंडळी मुंबईत आली, धोबी तलावच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडांमध्ये राहिली, हॉटेलांत आणि जॅझ बँडमध्ये वाजवू लागली. १९५० च्या सुमारास मुंबई राज्यात दारूबंदी आली, नाइटलाइफ आटलं. दुसरीकडे सिनेमाचे ऑर्केस्ट्रा मोठे होत होते. वादक तिकडे वळले.

आता एक जोडी बघा. सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, मूळचे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणं शिकलेले. आणि चिक चॉकलेट, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, बार्देशातल्या हळदोण्याचा ट्रम्पेटवाला. हे दोघं एकत्र बसले आणि १९५१ चा 'अलबेला' झाला. एकाच्या कानात ग्वाल्हेरची तालीम, दुसऱ्याच्या कानात लुई आर्मस्ट्राँग. त्या सिनेमात चिक चॉकलेटचा बँड पडद्यावरही दिसतो. बहुतेक वेळा मात्र हे वादक पडद्यामागेच राहिले.

काम कसं चालायचं? संगीतकार हार्मोनियमवर चाल ऐकवायचा. सहायक ती सारेगममध्ये उतरवायचा. मग अरेंजर ती स्टाफ नोटेशनमध्ये घ्यायचा, कुठे कोणतं वाद्य, खाली कोणता कॉर्ड, मध्ये काय वाजायचं ते लिहायचा, आणि प्रत्येक वादकाचा कागद वेगळा निघायचा. गायक आणि ऑर्केस्ट्रा एकत्र, एका दमात रेकॉर्डिंग. चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून.

सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशनकडे हे काम वर्षानुवर्षं केलं. फाळणीआधी ते लाहोरला हॉटेलात बँड चालवायचे. त्यांची खासियत म्हणजे गायकाच्या मागे व्हायोलिन्सनी चालणारी स्वतंत्र सुरावट. मायनरच्या प्रश्नावर हे किती हुशार उत्तर आहे बघा. सगळे स्वर एकदम दाबून जाड कॉर्ड वाजवला तर तो गायकाच्या गंधाराला घासणार. त्याऐवजी एकच सुरावट चालवली, गायक थांबला तिथे ती हलली, गायक हलला तिथे ती थांबली, तर हार्मनी ऐकू येते आणि कुणी कुणाच्या पायावर पाय देत नाही.

आणि अँथनी गोन्साल्विस, जन्म १९२७, सासष्टीतलं माजोर्डा. प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन यांना व्हायोलिन शिकवणारे हेच. 'अमर अकबर अँथनी'तलं नाव प्यारेलालनी गुरूला केलेला नमस्कार आहे, हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. पण १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले, हे कमी जणांना माहीत असतं. सिनेमात तीन मिनिटांच्या गाण्यात जे जमत होतं, ते त्यांना रंगमंचावर, अरेंजरच्या स्वतःच्या नावावर करायचं होतं. १९६५ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि तो प्रयोग पुढे मोठा झाला नाही. २०१२ मध्ये गोव्यात वारले.

मराठीत या कामातून पुढे येऊन संगीतकार म्हणून नाव मिळवलेली जोडी म्हणजे अनिल-अरुण. अनिल मोहिले व्हायोलिनवाले, अरुण पौडवाल अकॉर्डियनवाले. 'अष्टविनायक' (१९७९) चं संगीत त्यांचं. मोहिल्यांचं नाव अरेंजर म्हणूनही आदराने घेतलं जातं. पण ही वाट प्रत्येकाला मिळाली नाही.

आता गिटार हातात घ्या

गिटार उभी होऊन कॉर्ड वाजवायला लागली तरी बराच काळ तिचं काम ठेका धरण्याचं होतं. साठीच्या शेवटी आणि सत्तरीत, विशेषतः आर. डी. बर्मनच्या टीममध्ये, ती पुढे आली. 'दम मारो दम' (१९७१) मधली गिटार भूपिंदर सिंगांची. भूपिंदर स्वतः गायक, पुढे गझलेत गिटार आणणारे. एकाच माणसाकडे गळाही आणि फ्रेटही, त्यामुळे कुठला स्वर गायकासाठी मोकळा सोडायचा हे त्याला दुसऱ्याने सांगावं लागत नाही.

वरचा सगळा इतिहास गिटारवर आणायचा तर मला तीन नियम सापडतात.

पहिला: राग जिथे डुलतो, तो स्वर तुम्ही धरू नका. दरबारीच्या अंगाची चाल असेल तर गंधार गायकाचा. तुम्ही ×-०-२-२-०-० वाजवा. यात सा, प, सा, रे, प आहेत, गंधार नाही. मायनरपणा गायक आणतो, तुम्ही फक्त जमीन देता. कॉर्ड 'रिकामा' वाटतो, आणि तेच हवं आहे.

दुसरा: स्केल बघून थांबू नका, रागाची चाल बघा. परत भीमपलास घेऊ. त्याच्या आरोहात रे आणि ध वर्ज्य. चढताना फक्त नी, सा, ग, म, प. आता एक बोट ठेवा: ×-०-०-०-१-०. काय वाजलं? सा, म, नी, ग, प. भीमपलासाच्या आरोहाचे पाचच्या पाच स्वर, आणि सहावा एकही नाही! एका बोटाचा कॉर्ड. पुस्तकात याला ए मायनर इलेव्हन म्हणतात आणि जॅझवाले तो फार ऐटीत वाजवतात. मग चाल उतरायला लागली, रे आणि ध आले, की ×-०-०-२-०-२. यात सा, म, सा, रे, ध. धैवत शुद्ध, जागच्या जागी. या दोन आकारांवर भीमपलासातली कितीतरी गाणी आरामात चालतात. एफ मेजरची गरजच पडत नाही.

कीरवाणीत उलट, बिनधास्त रंग भरा. ०-२-०-१-३-१, म्हणजे ई सेव्हन फ्लॅट नाइन. यात प, नी, रे, म, कोमल ध, सगळं रागातलं. फक्त सा आणि गंधार बाहेर ठेवलेत, आणि लगेच ए मायनर वाजवला की नेमके तेच दोन येऊन बसतात. म्हणून ते घरी पोचल्यासारखं वाटतं. शिवाय वरच्या चार तारांवर ××६-७-६-७ धरा आणि अख्खा आकार तीन फ्रेट खाली सरकवा, ××३-४-३-४. स्वर तेच चार राहतात: नी, रे, म, कोमल ध. फक्त वर-खाली जागा बदलतात. एकच कॉर्ड जिना उतरतोय असं वाटतं. जुन्या गाण्यांतल्या ताणलेल्या जागांवर हा करून बघा.

तिसरा: प्रत्येक मायनर ई सेव्हनने घरी येत नाही. भैरवीत तर पंचमावर मेजर कॉर्ड बसतच नाही, कारण रिषभ आणि निषाद दोन्ही कोमल. तिथे घरी यायची वाट वरून, कोमल रिषभाकडून आहे. सा म्हणून ई धरा, म्हणजे मोकळ्या तारा मदतीला येतात. ०-३-३-२-०-०: सा, कोमल ध, कोमल रे, म, प, सा. मग ०-२-२-०-३-०: सा, प, सा, कोमल ग, कोमल नी, सा. दोन कॉर्डमध्ये भैरवीचे सातही स्वर आले. पहिल्यात थोडी बेचैनी, दुसऱ्यात विसावा. स्पेनच्या फ्लामेंको गिटारवाल्यांनाही ही वाट पाठ आहे, ते त्यांच्या पद्धतीने चालतात.

नावं घेऊया

हे सगळं सांगायचं कारण फक्त आकार शिकवणं नाही. आकार तर कुठेही मिळतील. कोणत्याही गाण्याचा स्ट्रीमिंग अ‍ॅपवरचा तपशील उघडा. गायक, गीतकार, संगीतकार बहुतेक असतात. जुन्या गाण्यांत अरेंजरचं नाव शोधून दाखवा! ज्याने ठरवलं की इथे गंधार सोडायचा, इथे व्हायोलिन उतरवायचं, इथे कॉर्ड अर्धाच ठेवायचा, त्याचं नाव तिथे नाही. त्या काळच्या लेबलवर नव्हतं, म्हणून आजच्या डेटाबेसमध्येही नाही. कॉलमच नसेल तर डेटा कुठून येणार?

त्यामुळे झालंय काय, तर आपण समजतो की आपल्या गाण्यांत हार्मनी म्हणजे बाहेरून आणून चिकटवलेली सजावट. आणि मग आपणही तशीच चिकटवतो, चार कॉर्ड कुठल्याही रागावर. प्रत्यक्षात या लोकांनी चिकटवली नव्हती. त्यांनी चाल ऐकली, मग ठरवलं. त्यांच्यातल्या अनेकांना राग शिकवलेला नव्हता, आणि संगीतकारांतल्या अनेकांना स्टाफ नोटेशन येत नव्हतं. दोघांच्या मध्ये एक हार्मोनियम, एक कागद आणि थोडा वेळ.

तर या आठवड्याचं काम. एक आवडतं मायनर मराठी गाणं घ्या. गिटार बाजूला ठेवा. आधी ते सारेगममध्ये गुणगुणा आणि दोनच गोष्टी शोधा: धैवत कुठला, निषाद कुठला. मग चढताना कुठला स्वर गाळला जातो ते बघा. एवढं झाल्यावरच गिटार उचला. आणि जमलं तर त्या गाण्याचा अरेंजर कोण होता तेही शोधा. घरात आजोबांकडे जुनी मासिकं असतील, कुणाच्या ओळखीत जुने वादक असतील, विचारा. सापडलं की मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात मी ती नावं वाचून दाखवणार आहे, गाण्याच्या नावासकट.

चला, गिटारची बारीक तार आता खाली उतरायला लागली आहे, आणि शेजारच्या काकूंची झोपायची वेळही झाली. भेटू पुढच्या भागात.